लिहिलेलं वाचतं कोण?

बाळ जन्मल्यावर सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवणारी घरं आजही आहेत. शिकल्या-सवरल्या घरांतून सटवाई गेली, पण तिचा लेख राहिला. तो कपाळावरून जनुकांत उतरला, इतकंच. ‘त्याच्या जीन्समध्येच आहे ते’ असं आपण रागाबद्दल म्हणतो, गोड गळ्याबद्दल म्हणतो, मधुमेहाबद्दलही म्हणतो. मला हे वाक्य खटकतं. त्यात लेख आहे, पण तो वाचून शरीर उभं करणारी पेशी नाही.

डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमध्ये, मांजरीचं एक पिल्लू जन्मलं. रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीच्या एका पेशीतलं केंद्रक काढून ते दुसऱ्या मांजरीच्या बीजांडात घातलं होतं. म्हणजे केंद्रकातली जनुकं रेनबोचीच. पण रेनबोच्या अंगावरचा नारिंगी रंग पिल्लावर औषधालाही नव्हता. मांजरीत नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीत एक्स दोन, आणि गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी त्यातलं एक मिटून टाकते. कोणतं मिटायचं, हे जनुकांत लिहिलेलं नसतं. एकदा मिटलं की त्या पेशीच्या लेकी-नातीही तेच मिटलेलं ठेवतात. रेनबोची जी पेशी घेतली, तिने नारिंगी रंगाचं एक्स मिटलेलं होतं, आणि ते पिल्लातही मिटलेलंच राहिलं. ग्रंथ तोच, पण त्याचं कोणतं पान उघडायचं हे पेशीच्या हाती होतं.

बासेलमध्ये वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत १९९५ साली याहून नवलाचं घडलं. उंदराच्या डोळ्याच्या घडणीत मोठा वाटा असलेलं एक जनुक फळमाशीच्या शरीरात भलत्याच जागी चालू केलं. माशीच्या पायांवर, पंखांवर डोळे आले. पण ते उंदराचे नव्हते, माशीचे होते, अनेक भिंगांचे. ‘डोळा कर’ हा निरोप उंदराचा, पण तो ऐकणाऱ्या पेशी माशीच्या होत्या. त्यांना जो डोळा करता येतो तोच त्यांनी केला.

जनुकं क्षुल्लक आहेत, असं मी म्हणत नाही. गडचिरोली-नंदुरबारमधल्या सिकलसेलच्या रुग्णाला ते कुणी सांगू नये. एक अक्षर बदललं आणि रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकडी झाली. एवढी त्या अक्षराची ताकद आहे. पण तिथेही ते अक्षर वाचून हिमोग्लोबिन बनवते ती पेशीच. २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या चमूने दहा लाखांहून अधिक अक्षरांचा जीवाणूचा सबंध डीएनए रसायनांपासून जुळवला. तो चालता करायला मात्र आधीच जिवंत असलेली दुसऱ्या जीवाणूची पेशी घ्यावी लागली.

पेशी पेशीतूनच येते, हे रुडॉल्फ विर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच ठासून सांगितलं होतं. वारसा म्हणून आपल्याला नुसता मजकूर मिळत नाही, तो वाचणारी जिवंत पेशीही मिळते, तीही आईकडून. आणि बाईच्या शरीरातली बीजांडं तिच्या जन्माआधीच घडू लागलेली असतात. तुमची सुरुवात ज्या पेशीतून झाली, ती तुमची आई आजीच्या पोटात असतानाच घडू लागली होती.