फिर्यादी हाच नट

फिर्यादीने आपली कैफियत लिहावी, त्या कैफियतीचे त्यानेच नाटक करावे, आणि त्या नाटकात नायकाची भूमिकाही त्यानेच वठवावी, असे कोणी सांगितले असते तर आपण ते एखाद्या प्रहसनाचे कथानक समजलो असतो. परंतु १ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेत पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर आलेली 'पॉल टी. गोल्डमन' ही सहा भागांची मालिका अक्षरशः याच घाटाची आहे. फ्लोरिडात राहणाऱ्या एका मध्यमवयीन, मृदुभाषी आणि अतिउत्साही गृहस्थाचे हे टोपणनाव. आपली दुसरी पत्नी दुहेरी आयुष्य जगत होती, देहविक्रयाच्या व्यवहारात ती गुंतलेली होती आणि त्यामागे एक मोठी गुन्हेगारी टोळी होती, असा त्याचा दावा. 'डुप्लिसिटी' या नावाने त्याने हा सारा मजकूर स्वतःच प्रसिद्ध केला, त्यावर पटकथा रचली, आणि २०१२ साली ट्विटरवरून जेसन वोलिनर या दिग्दर्शकाला गाठून चित्रपट काढण्याची गळ घातली. पुढे २०२० साली 'बोराट'चा दुसरा चित्रपट दिग्दर्शित करणारा हा वोलिनर सुमारे दहा वर्षे या माणसाच्या मागे कॅमेरा घेऊन राहिला.

मालिकेची युक्ती अशी की गोल्डमनने लिहिलेले प्रवेश व्यावसायिक नटनट्यांकडून, पुरेशा थाटामाटात, त्याच्या शब्दाला शब्द राखून करवून घ्यायचे, आणि त्यांच्यामध्ये स्वतःच्या भूमिकेत स्वतः गोल्डमनला उभे करायचे. ज्यांनी उमेदवारीपासून रंगभूमी आणि चित्रपट यांत हयात घालवली त्या माणसांच्या शेजारी हा इसम स्वतःचेच वाक्य पाठांतराच्या सुरात म्हणतो, आणि 'कट' झाल्यावर कॅमेरा मात्र थांबत नाही. मग दिसतो तो खरा तमाशा: जिने आपल्याला लुबाडले असे तो म्हणतो त्या पत्नीचे काम करणाऱ्या नटीशी तो मोठ्या खुशीत गप्पा मारतो आहे, आपण भेकडाचे योद्धे कसे झालो हे सेटवरच्या माणसांना समजावतो आहे, आणि समोरचे चेहरे सौजन्य न सोडता, पण किंचित गोंधळून, त्याच्याकडे पाहत आहेत. ते चेहरे या मालिकेतील सर्वांत उत्तम अभिनय होत, कारण तो अभिनय नव्हे.

येथवरचे हसू निर्मळ आहे. मनुष्य स्वतःचे चरित्र लिहू लागला की कोणते प्रसंग फुगवतो, कोणते गाळतो, आणि अपमानाच्या जागी पराक्रमाची योजना किती सराईतपणे करतो, हे इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळते. पत्नीच्या दूरध्वनीच्या नोंदी तो गुप्तहेराच्या निष्ठेने तपासतो. जेथे कागद संपतात तेथे अतींद्रिय ज्ञान असल्याचे सांगणाऱ्या एका बाईला फोन करतो, आणि तिच्या उत्तरांनाही त्याच दप्तरात, त्याच मानाचे स्थान देतो. पुराव्याची ही वर्णव्यवस्थाहीन पंगत पाहून हसू न येईल तर नवल.

परंतु माझी तक्रार या हसण्याविषयीच आहे. एखाद्याला आपण हसलो म्हणजे त्याच्यावर आपला विश्वास नाही, असे आपण सहज गृहीत धरतो. वस्तुतः हसण्याच्या भरात आपण फिर्यादीची वेशभूषा, त्याचा उच्चार, त्याची फुशारकी यांची झडती घेत बसतो आणि फिर्याद मात्र शहानिशेवाचून आत शिरते. गोल्डमन हास्यास्पद आहे हे पहिल्या भागातच ठरते. त्याची पत्नी गुन्हेगार होती की काय, हा प्रश्न मात्र कितीतरी काळ कोणाला सुचतही नाही, कारण पडद्यावर ती गुन्हेगारच दिसत असते. तिच्या मुखाने बोलते ती नटी, आणि नटीच्या तोंडी आहेत ते शब्द तिच्या घटस्फोटित नवऱ्याने लिहिलेले. असा एकतर्फी निकाल कोणत्याही मुन्सफाने दिला असता तर वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला असता. वोलिनर पुढे दाव्यांची रुजुवात घेऊ लागतो, शंका उघडपणे मांडतो, हे खरे. परंतु पहिल्या भागाची जुळणी करताना जे त्याला ठाऊक होते ते त्याने प्रेक्षकापासून राखून ठेवले. उत्कंठेसाठी हे करावे लागते, असे या व्यवसायातले लोक म्हणतील. उत्कंठेचा खर्च कोणाच्या इभ्रतीतून भागवला गेला, हे कोणी विचारावे?

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातही खेळ म्हणून मांडलेला खटला एका बाईवर उलटतो. पण ती बाई, बेणारे, निदान त्या खोलीत उभी असते. याहून जवळचे उदाहरण इराणचे आहे. हुसेन सब्झियान या सिनेमावेड्या, गरीब माणसाने आपण मोहसिन मखमलबाफ हे प्रसिद्ध दिग्दर्शक आहोत असे सांगून तेहरानमधील एका कुटुंबाचा विश्वास मिळवला, आणि त्यावर अब्बास किआरोस्तामी यांनी १९९० साली 'क्लोज-अप' हा चित्रपट केला. तेथेही तोतया स्वतःचीच भूमिका करतो, तेथेही पुनर्निर्मित प्रसंग आणि प्रत्यक्ष घडलेले प्रसंग एकमेकांत मिसळतात, आणि हा मनुष्य शेवटपर्यंत पूर्ण खरे बोलतो असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. परंतु किआरोस्तामी परवानगी काढून कॅमेरा न्यायालयात नेतात. फसवले गेलेले कुटुंब तेथे समोर बसलेले असते, आपले गाऱ्हाणे स्वतःच्या तोंडाने सांगते, आणि चित्रपटात आपली भूमिकाही तेच लोक करतात. सब्झियानविषयी आपल्याला वाटणारी करुणा म्हणूनच कोणाच्या पदरचे काही हिरावून घेत नाही.

गोल्डमनला नायक होण्याचे सुख दुसऱ्या वाटेने देता आले असते, आणि गंमत अशी की ती वाट मालिकेतच आहे. 'डुप्लिसिटी'वर न थांबता त्याने स्वतःला धाडसी वीर कल्पून पुढच्या साहसांची माळही लिहिली आहे, आणि वोलिनरने त्यांतले काही प्रवेश चित्रित केले आहेत. तेथे खलनायक संपूर्णपणे त्याच्या डोक्यातले. त्यांना ना पत्ता, ना नातेवाईक, ना अब्रू. तो आवेशाने हाणामारी करतो, आणि त्याच्या मुद्रेवर एरवी सदैव दिसणारी ती 'मला खरे माना' अशी याचना त्या क्षणी लोपलेली असते. या बनावट मारामारीचे आणखी दोन भाग मी आनंदाने पाहिले असते. त्याच्या संसाराचे प्रवेश मात्र वोलिनरने प्रथम त्या पत्नीची जबानी घेऊन मगच मला दाखवायला हवे होते, मग त्यात सहा भागांची रंगत चारांवर आली असती तरी चालले असते.