"डॉक्टर, सगळे निघाले ना?"

ऑपरेशन थिएटरचे दार उघडते. डॉक्टर बाहेर येतात. बाकावर तासन् तास बसलेले आपण धावत जातो आणि एकच प्रश्न विचारतो, "डॉक्टर, सगळे निघाले ना?" पण या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ऐकण्याची आपली तयारी असते का?

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरू लागला की अनेकदा तो आधी जवळच्या लसिका ग्रंथी गाठतो. म्हणून सर्जन आतड्याच्या रोगट भागाबरोबर त्या ग्रंथीही काढतात. त्यांपैकी किमान १२ तरी सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्यात, असा दंडक आहे. एकीत जरी रोग सापडला तरी सहसा केमोथेरपी सुचवली जाते. मात्र चरबीत दडलेल्या या इवल्याशा ग्रंथी नुसत्या डोळ्यांना सहजी दिसत नाहीत.

इथे मदतीला येते इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य. १९५९ साली अमेरिकेत त्याच्या वैद्यकीय वापराला मान्यता मिळाली. तेव्हा ते हृदय व यकृताच्या तपासणीसाठी होते. आता ते कर्करोगाच्या गाठीभोवती टोचतात. लसिकेबरोबर ते ग्रंथींपर्यंत वाहत जाते. खास कॅमेऱ्यातून अवरक्त प्रकाश पडला की ते चमकते आणि पडद्यावर ग्रंथी उजळून निघतात. नेहमीच्या हद्दीबाहेरची एखादी ग्रंथीही अशी नजरेस पडते.

परंतु हा रंग रोग ओळखत नाही, तो फक्त वाट दाखवतो. निरोगी ग्रंथीही उजळते. उलट, कर्करोगाने गच्च भरलेल्या ग्रंथीची वाट बंद झालेली असते. तिच्यात रंग शिरत नाही आणि ती अंधारातच राहू शकते. म्हणून जाणता सर्जन केवळ उजेडावर विसंबत नाही. शेवटचा शब्द पॅथॉलॉजीच्या अहवालाचा असतो.

मग दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी काय सांगावे? "जे दिसले ते काढले, आता अहवालाची वाट पाहू," हे सत्य आहे. पण आपल्याला "सगळे निघाले" एवढेच ऐकायचे असते. पुढे जाऊन आपण म्हणतो, "त्यांना काही सांगू नका हं, खचून जातील."

हे आपण प्रेमापोटीच म्हणतो. तरीही स्वतःला विचारू या, इथे आपण कोणाची भीती झाकतो आहोत, रुग्णाची की आपली? सगळे निघाले असे ज्याला सांगितले, त्याने केमोथेरपीचा त्रास का सोसावा? पुढच्या तपासण्यांना का यावे? शरीर त्याचे, निर्णयही त्याचाच. खोटा दिलासा त्याच्या हातून तो निर्णय काढून घेतो.

सत्य एका दमात सांगितलेच पाहिजे असे नाही. रुग्णाला पेलेल तसे, त्याचा हात हातात घेऊन ते हळूहळू सांगता येते. मात्र त्याच्या जागी असत्य ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. डॉक्टरांना "अजून ठाऊक नाही" असे म्हणण्याची मोकळीक आपण देऊ या. आणि अहवाल येईपर्यंतचे ते जड दिवस रुग्णासोबत बसून काढू या.