फिरणें, वळणें आणि परतणें

(वाचावयाचीं वचनें: रूथ १:१–२२, लूक २२:३१–३४)



एका खेड्यांत उपासना आटोपल्यावर मंडळींतील एका वृद्ध भावानें मला बाजूला नेऊन विचारलें, "पाळकसाहेब, माझा थोरला भाऊ पंचवीस वर्षें मला एकच शब्द ऐकवीत आला आहे, 'तूं फिरलास.' आतां तो अंथरुणास खिळला आहे. मी भेटावयास जातों तरी तेंच म्हणतो. आणि इकडे आपले उपदेशक चावडीपुढें उभे राहून लोकांस सांगतात, 'फिरा.' मग फिरणें हें पाप कीं पुण्य?" त्या दिवशीं मला धड उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देऊं पाहतों.

आपल्या बोलींत 'फिरणें' ह्या शब्दास फारशी चांगली संगत लाभलेली नाहीं. दिलेला शब्द फिरवतात, संकटांतल्या माणसाकडे पाठ फिरवतात, कोणाचें डोकें फिरतें, कोणाचे दिवस फिरतात. गांवांत 'तो फिरला' म्हणजे त्यानें दगा दिला. हें ध्यानांत न घेतां जो उपदेशक मोठ्यानें 'फिरा' म्हणतो, त्यानें ऐकणारे उठून गेले तर नवल मानूं नये.

पण दुसरा एक शब्द आपल्या घरचाच आहे. पोरगा रानांत गुरें वळतो. तो त्यांना मारून हांकलीत नाहीं. वाट चुकून दुसऱ्याच्या पिकाकडे निघालेल्या गाईपुढें जाऊन उभा राहतो आणि तिचें तोंड कळपाकडे करतो. मुलाला आपण वळण लावतों, तेंही एका दिवसांत लागत नाहीं. नांगर धरणाऱ्यास तर हें सांगावयासच नको: प्रत्येक तासाच्या शेवटीं बैल वळवावे लागतात, नाहीं तर ते बांध ओलांडून दुसऱ्याच्या शेतांत जातील.

जुन्या करारांत ह्या अर्थाचा जो इब्री शब्द आहे तो 'शूब'. वळणें, परत येणें, माघारीं फिरणें हे सारे अर्थ त्या एका लहानशा शब्दांत आहेत, आणि तो जुन्या करारांत हजाराहून अधिक वेळां आला आहे. तेविसाव्या स्तोत्रांत मेंढपाळ जिवाला ताजेंतवानें करतो असें आपण वाचतों. तेथें मुळांत ह्याच शब्दाचें रूप आहे. म्हणजे तो जिवाला वळवून आणतो. गुरें वळणारा पोरगा हें स्तोत्र पंडितापेक्षां लवकर समजेल असें मला वाटतें. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या आरंभीं देव आपल्या लोकांस आपणाकडे वळावयास सांगतो आणि आपणही त्यांच्याकडे वळेन असें वचन देतो. दोन्ही ठिकाणीं शब्द हाच. चालणें केवळ आमच्याच बाजूनें नाहीं.

संस्कृतांतील 'वृत्' धातूही ह्याच अर्थाचा. परिवर्तन, निवृत्ति, वर्तन हे त्याचेच शब्द, आणि आपली रोजची 'वाट' हीही 'वर्त्मन्' ह्या शब्दावरून त्याच घराण्यांतून आलेली. साहेबलोक धर्मांतराला जो शब्द वापरतात तो लातिन भाषेंतील ज्या क्रियापदापासून निघाला, तें क्रियापद ह्या 'वृत्' चेंच भावंड आहे. असो. शब्दांची ही सोयरीक मनोरंजक खरी, पण त्या म्हाताऱ्याचें दुःख तिनें हलकें होत नाहीं. त्यासाठीं रूथच्या पुस्तकाकडे गेलें पाहिजे.

त्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायांत 'शूब' हा शब्द दहाहून अधिक वेळां आला आहे. दुष्काळामुळें बेथलेहेम सोडून मवाबांत गेलेली नामी, नवरा व दोन्ही मुलगे गमावून, परत निघते. कां निघते? देवानें आपल्या लोकांस अन्न दिलें असें तिच्या कानीं आलें म्हणून. बेथलेहेम ह्या नांवाचा अर्थच भाकरीचें घर. बंधूंनो, "तुम्ही भाकरीसाठीं ख्रिस्ती झालां" असा टोमणा आपणांस ऐकावा लागतो. १८७६-७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत आपल्या इकडचीं पुष्कळ घराणीं मंडळींत आलीं, हें नाकारण्याचें कारण नाहीं. नामी भाकरीची वार्ता ऐकून परतली, आणि शास्त्रानें तें लपविलें नाहीं.

वाटेंत दोन्ही सुना रडतात. ओर्पा सासूचें चुंबन घेऊन परत जाते, आपल्या लोकांकडे आणि आपल्या देवाकडे. शब्द तोच, 'शूब'. शास्त्र तिला शिव्या देत नाहीं; आपणही देऊं नये. माहेर कोणाला नको असतें? पण पहा, परतणें हें स्वतः चांगलेंही नव्हे आणि वाईटही नव्हे. कोणाकडे परतलां, एवढाच प्रश्न आहे.

रूथ मात्र जात नाहीं. तिला बेथलेहेमांत भाकरीचें वचन कोणी दिलेलें नव्हतें. रिकाम्या हातांची सासू एवढीच तिची जोड. आणि अध्यायाच्या शेवटच्या वचनांत एक विलक्षण गोष्ट आहे. तेथें मूळ भाषेंत असें लिहिलें आहे कीं, मवाबी रूथ 'परतली'. जिनें बेथलेहेमची वेस कधीं पाहिली नव्हती, ती परतली कशी? मला वाटतें, लिहिणारा चुकला नाहीं. मवाबी लोक तिला म्हणाले असतील, "ती फिरली." पवित्र शास्त्र म्हणतें, ती घरीं आली.

आणखी एक. ज्याला आपण पश्चात्ताप म्हणतों, त्या शब्दांत मागाहून होणारा ताप आहे, वळण नाहीं. यहूदालाही ताप झाला. त्यानें रुप्याचे तीस तुकडे परत नेऊन दिले. रुपें परतलें, यहूदा परतला नाहीं. पेत्रही रडला. परंतु पेत्राविषयीं प्रभु आधींच बोलून ठेवतो कीं, तो वळेल, आणि वळल्यावर त्यानें आपल्या भावांस स्थिर करावें. हा पेत्र काल बाप्तिस्मा घेतलेला नव्हे, प्रभूबरोबर हिंडलेला प्रेषित. त्यालाही पुन्हा वळावें लागलें. उपदेशक बंधूंनो, हें वचन आधीं आपल्यासाठीं आहे. आणि वळलेल्या माणसाचें तोंड कोणाकडे होतें? भावांकडे. जो प्रभूकडे वळला म्हणून सख्ख्या भावाच्या खाटेकडे पाठ करतो, त्याला गांवानें 'फिरला' म्हटलें तर गांव खोटें बोलत नाहीं.

हें सारें त्या वृद्ध भावास सांगावें म्हणून पुढच्या फेरींत मी त्या खेड्यांत गेलों. उपासना अर्धी झाली तेव्हां तो आला आणि दाराशींच बसला. उशीर कां झाला असें मीं मागाहून विचारलें. तो म्हणाला, "थोरल्याकडे गेलों होतों. आज त्यानें माझ्या हातचें पाणी घेतलें."