हरलेला सामना, न हरलेला माणूस

७ जुलै १९८५ रोजी पश्चिम जर्मनीतील लायमेन गावच्या बोरिस बेकरने केव्हिन करनला हरवून विम्बल्डन जिंकले. मानांकनही नसलेला हा १७ वर्षांचा मुलगा तेथील सर्वांत लहान पुरुष विजेता ठरला. १९८६ मध्ये इव्हान लेंडलला नमवून त्याने विजेतेपद राखले. साऱ्या देशाच्या अपेक्षा त्या कोवळ्या खांद्यांवर येऊन बसल्या.

१९८७ मध्ये मात्र पीटर डूहन या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूने त्याला दुसऱ्याच फेरीत हरवले. तेव्हा बेकर म्हणाला, की मी एक सामना हरलो. हे काही युद्ध नव्हते, कुणी मेलेले नाही.

ही बेफिकिरी की शहाणपण? मी त्याला शहाणपण म्हणेन. फळाची आसक्ती नको, असे आम्ही शिक्षक वर्षभर शिकवतो आणि दहावीच्या निकालादिवशी पालकांसह स्वतःच विसरतो. हरल्याचे दुःख खरे असते. ते नाकारणे ढोंग होईल. परंतु गुण कमी पडले म्हणून मूल उणे ठरत नाही.

बेकरने १९८९ मध्ये विम्बल्डन पुन्हा जिंकले. जिंकले नसते, तरीही त्याचे ते उत्तर तितकेच खरे राहिले असते.