गाभा सुटू नये

लातूर-नांदेडकडच्या गावांत कीर्तन रंगतं. बुवा किती दृष्टांत देतात! पण फिरून मूळ अभंगावर येतात. गाभा सुटू देत नाहीत.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हीच कीर्तनाची वाट धरली. टाळ आपले, अभंग आपला, आणि मधोमध ख्रिस्त. त्याचं प्रेम, त्याचा क्रूस, त्याचं पुनरुत्थान. शुभवर्तमान ते हेच. उपदेशक विद्वान असो, वाणी गोड असो. हा गाभा सुटला, तर ऐकणारा उपाशीच परततो.

आपलंही तसंच आहे. बोलणं वाढतं, माया आटते. मंडळी, गाभा सुटू देऊ नका. आज कुणाला चार शब्द सांगायचे असतील, तर आधी त्याच्यावर प्रेम करा. मग बोला.