आठवणीची परीक्षा, पण परवानगी कोणाची?



आपल्या बऱ्हाणपुरात आता बऱ्याच घरांचं चित्र सारखंच आहे. मुलगा पुण्याला, लेक इंदूरला किंवा सुरतला, आणि इथे आई-बाबा दोघंच. रोज व्हिडिओ कॉल होतो. जेवलात का, गोळी घेतली का, सगळं विचारून होतं. मग फोन ठेवल्यावर मुलांच्या मनात येतं, आई तेच तेच दोनदा विचारते. हे वयामुळे, की आणखी काही?

या काळजीवर आता मोबाइलच उपाय घेऊन येतोय. जर्मनीत माग्डेबुर्ग इथल्या संशोधकांनी अशी चाचणी तयार केली आहे. माणूस घरी बसून फोनवर वस्तूंची आणि खोल्यांची चित्रं बघतो. काही वेळाने फोन विचारतो, हे चित्र तेच आहे की यात काही बदललंय? शेजारी ना डॉक्टर, ना नर्स. तरीही स्मृतीची सुरुवातीची घसरण यातून बऱ्यापैकी ओळखता येते, असं त्यांना दिसून आलं.

अशा चाचणीत नवीन गोष्टच विचारतात, कारण या आजारात बहुधा जुनं आधी जात नाही, नवं टिकत नाही. म्हणून "आमच्या आजीला अख्खा हरिपाठ पाठ आहे, तिला काय होणार" असं समजू नये. लहानपणी पाठ केलेलं ओठांवर राहतं, आणि सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी पुसलं जातं.

गरजही मोठी आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे भारतात 60 वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. स्त्रियांमध्ये आणि खेड्यांत प्रमाण जास्त. घरबसल्या तपासणी झाली तर कोणाला नको?

पण समजा, मुलाने "आई, हा गेम खेळून बघ" म्हणून फोन हातात दिला. आईने कौतुकाने खेळला. निकाल गेला मुलाच्या फोनवर, तिथून भावंडांच्या ग्रुपवर. ज्या आईची परीक्षा झाली तिला परीक्षा झाल्याचंच माहीत नाही. हेतू प्रेमाचा आहे. तरी हे बरोबर आहे का?

मला वाटतं, नाही. कारण लवकर कळण्याचा सर्वात मोठा फायदा त्या माणसालाच असतो. सुरुवातीच्या काळात तिला स्वतःचं मत असतं आणि ते सांगताही येतं. कोणाजवळ राहायचं, घर-दागिन्यांचं काय करायचं, उपचार कुठवर करायचे, हे ती स्वतः ठरवू शकते. पुढे हे दार हळूहळू बंद होत जातं. निकाल तिच्यापासून लपवला, तर तेवढा मोलाचा वेळ आपण तिच्याकडून काढून घेतला.

कोणी म्हणेल, विचारलं तर ती चिडेल, "मला काय वेड लागलंय?" म्हणेल. म्हणू दे. आज नाही म्हणाली तर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. "चल, आधी माझी परीक्षा, मग तुझी" असं म्हणा. मात्र गॅस चालू राहतोय, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकतेय, पैशात फसवणूक होतेय, असं असेल तर मोबाइलच्या चाचणीत वेळ घालवू नका. समजावून सरळ डॉक्टरांकडे न्या.

दुसरी गोष्ट, कमी मार्क म्हणजे आजार असं नाही. आपल्याकडच्या वृद्धांना "तुमचा जिल्हा कोणता?" विचारलं तर कोणी खंडवा म्हणेल. बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला 2003 मध्ये, त्यांचं निम्मं आयुष्य त्याआधीचं! हरियाणातल्या बल्लभगडला शाळा न शिकलेल्या वृद्धांसाठी हिंदी चाचणी तयार केली, तेव्हा घड्याळातली वेळ न विचारता सकाळ, दुपार की संध्याकाळ एवढंच विचारलं. परीक्षा माणसाला साजेशी हवी, ती अशी. पण आय.सी.एम.आर.ने पाच भाषांत स्मृतिचाचण्यांचा संच केला, त्या पाचांत मराठी नव्हती. मराठीत विचार करणाऱ्या आजीला इंग्रजी किंवा हिंदी सूचना आल्या, तर चूक आजीची की चाचणीची?

शिवाय बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, ऐकू कमी येणं, झोपेच्या गोळ्या यांनीही विसराळूपणा येतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. म्हणून फोन फक्त दाराची कडी वाजवतो. निदान डॉक्टरांनीच करायचं.

आपण सेवा सेवा म्हणतो. माझ्या मते सेवेची पहिली पायरी म्हणजे समोरच्याला विचारणं. आई-बाबांच्या पायावर डोकं ठेवायचं आणि त्यांच्या मनाविषयीचा निर्णय त्यांच्या पाठीमागे घ्यायचा, हे जुळत नाही. आठवण थोडी कमी झाली तरी मान कमी होत नाही.

या रविवारी घरच्या मोठ्यांजवळ निवांत बसा आणि एवढंच विचारा, "पुढे कधी विसरायला झालं, तर आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

— एक सेविका, बऱ्हाणपूर