आईचे हात

परवा नातीने माझ्या मांडीवर चित्रांचे एक पुस्तक आणून ठेवले. त्यातली आई सकाळी कामावर जाते, दिवसभर हसतमुखाने काम करते आणि संध्याकाळी दारात पाऊल टाकताच मुलीला कवेत घेते. पुस्तक गोड होते. पण त्या शेवटच्या चित्राशी मी अडखळलो. मला आमच्या कुहीकडच्या आया आठवल्या. त्यांना असे दारातच लेकराला कवेत घेता येत नाही.

दिवाळी सरून मिरचीचा हंगाम आला, की कुही तालुक्यात मांढळच्या बाजूला मिरचीचे सातरे गजबजतात. वाळलेल्या लाल मिरच्यांच्या ढिगांभोवती बायका देठ तोडीत बसतात. मजुरी वजनावर, तेव्हा हात थांबवून भागत नाही. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण तो मान मिरचीचा, बोटांचा नव्हे! मिरचीतला तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे नुसत्या पाण्याने हात कितीही धुतले, तरी बोटांची आग उरतेच. संध्याकाळी लेकरू धावत येते आणि आई हात पाठीशी नेते; न जाणो, त्याच्या डोळ्यांना बोट लागले तर!

हे चित्र मुलांच्या पुस्तकात असावे काय? बालभारतीच्या 2019 सालच्या दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा केवढे कौतुक झाले! ते योग्यच होते. कोणते काम कोणी करावे, हे त्या चित्राने बदलले. पण चित्रांतल्या कामाने अजून कोणाचे हात भाजत नाहीत. कोवळ्या मनाला ते कशाला दाखवायचे, असे आपण म्हणतो. सातऱ्यावरच्या बाईच्या मुलीला ते रोज दिसतेच आहे. कळत नाही ते एवढेच, की आईने हात का मागे घेतला. आई रागावली, असेच ती समजत असेल.

मग आईनेच का सांगू नये? इथे खरी अडचण आहे. ‘तुझ्यासाठी मी हातांची आग सोसते’ हे वाक्य खरे असले, तरी तोंडातून बाहेर पडताच त्याची हुंडी होते, आणि ती लेकराला जन्मभर फेडावी लागते. मीही मुलांच्या फीचे पैसे मोजताना असली वाक्ये बोललो आहे. त्यांच्या खाली गेलेल्या माना मला अजून दिसतात. कुहीकडची आई गप्प राहते, ती माझ्याहून शहाणी म्हणूनच. पुस्तकाला मात्र कोणाकडून काही वसूल करायचे नसते. आई जे सांगू शकत नाही, ते चित्र सांगू शकेल, आणि ऐकणाऱ्या पोरीची मानही खाली जाणार नाही.

नातीला मी हे सारे माझ्या परीने सांगितले. हातातली चकली तिने ताटलीत ठेवली.

“आजोबा, मग ती पोरीला घेते तरी कशी?”

“आधी हातांना तेल चोळते, मग साबणाने धुते. तोवर पोरीला थांबावे लागते.”

तिने पेन्सिल आणली आणि शेवटच्या चित्राशेजारच्या कोऱ्या जागेत एक बाई काढली. बराच वेळ खाडाखोड चालली होती. हात काही केल्या तिला जमत नव्हते.